वडाप, मिस्त्री आणि घरची सुमो

दक्षिण महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासात कारखानदारांची नावे येतात, यंत्रांची येतात; ती यंत्रे दुरुस्त करून तीस-तीस वर्षे चालवणाऱ्यांची येत नाहीत. सातारा-सांगलीकडे घरोघरी टिकून राहिलेल्या जुन्या जीप, ट्रॅक्स आणि सुमो गाड्यांकडे त्या दृष्टीने पाहिले, तर एक वेगळाच धागा हाती लागतो.

हा धागा मोटारीपासून सुरू होत नाही. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना उभा केला. तेच आजचे किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांचा पूर्वीचा व्यवसाय बेळगावातील सायकलच्या दुकानाचा होता, हे मला महत्त्वाचे वाटते. सायकलचे दुकान म्हणजे अर्धी विक्री आणि अर्धी दुरुस्ती. इकडे साताऱ्यात १९२२ मध्ये धनजीशा कूपर यांचा कारखाना निघाला. १९३७ साली मुंबई प्रांताचे काही महिन्यांचे मुख्यमंत्री झालेले ते हेच कूपर. लोखंडी नांगर आणि पुढे ऑईल इंजिने या दोन ठिकाणांहून कृष्णाकाठच्या मळ्यांत गेली. विहिरीवरचे इंजिन बंद पडले की ऊस वाळतो. तालुक्याच्या गावाहून कोणी येईपर्यंत थांबणे परवडत नाही. त्यामुळे नोझल काढून फुंकून पाहणारा, रिंगा बदलणारा, लायनर बसवणारा माणूस जवळपासच्याच गावात तयार झाला. त्याला 'मिस्त्री' म्हणत आणि आजही म्हणतात.

स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली. सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले तसतशी जीप ही अध्यक्षांची, शेतकी अधिकाऱ्यांची आणि निवडणुकीची गाडी झाली. कारखान्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला फिटर गावात शेड टाकून बसे, आणि सरकारी लिलावातून आलेली जीप त्याच्या दारात येई. या भागातील पहिली 'घरची' मोठी गाडी बहुधा अशीच, दुसऱ्या हाताची होती.

१९९४ साली टाटांची सुमो आली. नाव जपानी मल्लांवरून घेतले, असा समज आपल्याकडे अजून आहे. वास्तविक ते सुमंत मुळगावकरांच्या नावाच्या व आडनावाच्या आद्याक्षरांचे आहे. एकत्र कुटुंब, लग्नसराई, जोतिबाची आणि पंढरपूरची वारी यांना दहा माणसे बसणारी गाडी सोयीची होती. पण ती घरात इतकी वर्षे टिकली, ते कंपनीच्या गुणवत्तेमुळे जितके, तितकेच वडापामुळे.

'वडाप' हा शब्द इथल्या बाहेर समजावून सांगावा लागतो. एस.टी.च्या थांब्याजवळ उभे राहून 'कराड, कराड' असे ओरडत माणसे भरणारी ती जीप किंवा ट्रॅक्स. पोलिसी भाषेत अवैध वाहतूक, लोकांच्या भाषेत वेळेवर मिळणारी गाडी. वडापाची गाडी रोज शे-दोनशे किलोमीटर धावे, तिची क्लचप्लेट, पाटे, बॉलजॉइंट सतत लागत. म्हणून हे सुटे भाग कराड, इस्लामपूर, विट्याच्या दुकानांत कायम मिळत, ओरिजिनलही आणि लोकलही. वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी घरची सुमो त्याच बाजारावर जगली. पुढे थकलेली घरची गाडी वडापाला विकली जाई आणि वडापात संपलेली गाडी भंगारात जाऊन तिचा गिअरबॉक्स पुन्हा एखाद्या घरच्या गाडीत बसे. दुरुस्तीची ही साखळी कोणी आखलेली नव्हती. समांतर वाहतुकीवर आपल्याकडे लेख झाले ते एस.टी.च्या तोट्याच्या अंगाने. ही बाजू त्यांत सापडत नाही.

या दोन जिल्ह्यांत गाडी म्हातारी होते तीही भागाप्रमाणे. महाबळेश्वर-पाटणकडे पावसाने पत्रा आणि चेसिसचे सांधे गंजतात. माण-खटावकडे धुळीने एअर फिल्टर आणि मग पिस्टन-बोअर जातो. पसरणी किंवा कुंभार्ली घाट नेहमीचा असेल तर ब्रेकलायनर. सांगलीत मात्र प्रश्न कृष्णेचा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांत गाड्या पाण्याखाली गेल्या. जाणत्या मिस्त्रीचा पहिला हुकूम एकच असे : चावी फिरवायची नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो, कारण पाणी दाबले जात नाही. नोझल काढून पाणी बाहेर टाकायचे, दुधासारखे पांढरे झालेले गिअर ऑईल आणि हौजिंगचे ऑईल दोनदा बदलायचे, ड्रममधला गाळ धुवायचा. यांत्रिक पंपाच्या जुन्या सुमोला एवढे पुरे होई. नव्या गाडीत पाणी कंट्रोल युनिटपर्यंत गेले, की विमा कंपनी ती सहसा पूर्ण नुकसानीत काढते. पुराच्या प्रदेशात 'मागासलेले' यंत्र अधिक टिकाऊ ठरते, ही गोष्ट आधुनिकतेच्या आपल्या व्याख्येत बसवणे अवघड आहे. अर्थात जुन्या डिझेलचा काळा धूरही खराच. तो सोसणाऱ्या रस्त्याकडेच्या माणसाला हे कौतुक सांगता येत नाही.

सुमोचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले. पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचे शुल्क एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार. त्यावर पर्यावरण कर आणि विमा वेगळा. नोंदणीच्या या खर्चापेक्षा हाफ इंजिनचे काम कधीकाळी स्वस्त होते, असे जुने मालक सांगतात. डिझेल पंपाचे कॅलिब्रेशन करणारी दुकाने कमी झाली. उरली आहेत ती ट्रॅक्टरच्या कामावर. एमएच १०, एमएच ११ आणि नंतर वेगळ्या झालेल्या कराडच्या एमएच ५० अशा पाट्यांच्या सुमो अजून बाजाराच्या दिवशी दिसतात, पण त्यांचे दरवाजे, दिवे आणि काचा आता दुकानातून येत नाहीत. त्या दुसऱ्या सुमोच्या अंगावरून उतरवाव्या लागतात.