बियाला राखलेला मुळा

आमच्या पैठणला हिवाळी भाज्यांचं एक अलिखित पंचांग आहे. दसऱ्याच्या सुमारास वाफे भुसभुशीत करून ठेवायचे. दिवाळीच्या आगेमागे बी टाकायचं. चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की चातुर्मासात सोडलेलं वांगं पुन्हा ताटात येतं, आणि तोवर मेथीची पहिली खुडणीही झालेली असते. मग नाथषष्ठीच्या दिंड्या गावात यायला लागल्या की वाफे आटोपते घ्यायचे. नाथषष्ठी म्हणजे फाल्गुन वद्य षष्ठी, १५९९ साली एकनाथ महाराजांनी गोदावरीत देह ठेवला तो दिवस. तेव्हा ऊन चटकायला लागलेलं असतं. कोथिंबिरीला पांढरी फुलं येतात, मेथी जून होते, मुळ्याला डिंगऱ्या लागतात. लोक म्हणतात, संपला भाजीचा मोसम.

मला मात्र खरी गंमत तिथून पुढे वाटते. भाजी संपते तिथे बी सुरू होतं. आणि कोणत्या भाजीचं बी आपल्याकडे धरतं, कोणत्या भाजीचं धरत नाही, एवढ्या एका प्रश्नात आपल्या परसबागेचा सगळा इतिहास येतो.

नावांपासूनच बघा. मुळा म्हणजे संस्कृतातला मूलक, धने म्हणजे धान्यक. ही घरची नावं. आता दुसरीकडे या. कोबी हा शब्द पोर्तुगीज ‘कोव्ह’वरून आला. फ्लॉवर तर सरळसरळ इंग्रजी शब्दाचं शेपूट, डोकं आपण वाटेत कुठेतरी टाकून दिलं. नवलकोल ऐकायला किती मराठी वाटतो! पण त्यात ‘नवल’ काही नाही, ‘नोलकोल’चं आपण केलेलं रूप आहे ते.

हिवाळ्यात पेरायची रीत मात्र पोर्तुगीजांच्या फार आधीची. शिरूरजवळ इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. तिथे सुमारे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत जव, मसूर, वाटाणा यांचे जळके दाणे सापडले. ही सगळी थंडीची पिकं. पाणी वळवण्यासाठी खणलेला पाटही सापडला. सातवाहनांची राजधानी म्हणून पैठण नावारूपाला आलं ते त्यानंतर कितीतरी शतकांनी. म्हणजे राजधानीच्याही आधीपासून या मुलखात कोणीतरी दरवर्षी वाटाण्याचे चार चांगले वेल न तोडता ठेवत होतं. नाहीतर पुढच्या वर्षी पेरलं काय असतं?

या राखण्याला आपल्याकडे सुंदर शब्दप्रयोग आहे: ‘बियाला ठेवणं’. “तो दोडका तोडू नको, बियाला ठेवलाय,” हे तुमच्यापैकी ज्यांचं आजोळ गंगथडीला आहे त्यांनी नक्की ऐकलं असेल. मुळ्याचं बी धरायची पद्धत तर बघण्यासारखी असते. वाफ्यातले सगळ्यात सरळ, न फाटलेले, लवकर फुलावर न आलेले मुळे निवडायचे. ते उपटायचे, खालचं टोक नि वरचा पाला छाटायचा आणि पुन्हा लावायचे. एकट्या मुळ्याला बी नीट धरत नाही, एकमेकांचे परागकण लागतात, म्हणून चार-सहा तरी हवेत. शेंगा वाळल्या की चोळून, पाखडून बी काढायचं, राखेत घोळवायचं आणि उतरंडीतल्या कोरड्या मडक्यात नाहीतर वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यात भरून ठेवायचं. यातली अवघड गोष्ट म्हणजे निवड. सगळ्यात चांगला मुळा ताटात जात नाही, तो राखायचा असतो. हे काम बहुतेक घरांत बायकाच करत आल्या आणि त्याला कधी कोणी ‘ज्ञान’ म्हटलं नाही.

कोबीवर मात्र ही युक्ती चालत नाही. कोबी मुळात थंड देशातला. पहिल्या वर्षी तो पानांचा गड्डा बांधतो आणि मग थंडीची वाट बघतो. सलग काही आठवडे चांगला गारठा मिळाला तरच त्याला फुलाचा दांडा फुटतो. आपल्याकडे पौषात रात्री पारा दहा-बारापर्यंत उतरला तरी दुपारी ऊन असतंच. गड्डा बांधायला एवढी थंडी पुरते, बी धरायला नाही. पैठणचा कोबी कितीही प्रेमाने राखला तरी फाल्गुनात तो तडकतो नाहीतर सडतो. म्हणून कोबी लावणारा माणूस पहिल्या दिवसापासून बाहेरून येणाऱ्या बियावर अवलंबून. केशरी विलायती गाजराचंही तेच. आपलं लाल गाजर मात्र मैदानी हवेतही बी धरतं.

इथे फ्लॉवरची कथा सांगायलाच हवी. १८२२ साली डॉ. जेमसन यांनी सहारणपूरच्या कंपनी बागेत विलायतेहून आणलेलं फ्लॉवरचं बी लावलं, अशी नोंद बागायतीच्या पुस्तकांत मिळते. तोही कोबीचाच भाऊ, थंडीवाचून बी न धरणारा. पण उत्तर हिंदुस्थानातल्या माळ्यांनी एक केलं. हजार रोपांतलं एखादं जरा लवकर, जरा उष्ण हवेत फुलायचं नि तिथेच बी धरायचं. ते त्यांनी राखलं. त्याच्या बियातून पुन्हा तसंच निवडलं. असं पिढ्यान् पिढ्या. शेवटी मैदानी उष्णतेत वाढणारा, मैदानातच बी धरणारा फ्लॉवर तयार झाला. शास्त्रज्ञ त्याला ‘भारतीय फ्लॉवर’ म्हणून वेगळा गट मानतात. आणि त्याच्या जातींची नावं काय? कुआरी, कातकी, अगहनी, पूसी, माघी! अश्विन, कार्तिक, मार्गशीर्ष, पौष, माघ. परदेशी पाहुण्याला सरळ पंचांगात बसवलं. डॉ. जेमसनचं नाव पुस्तकात आहे, त्या माळ्यांपैकी एकाचंही नाही.

मला या कथेतून एवढंच कळलं की ‘देशी’ असणं जन्मावर ठरत नाही. ज्याचं बी आपल्या मातीत धरतं आणि कोणीतरी ते राखतं, ते देशी.

बाकीच्या थंड भाज्यांचं बी दूरच राहिलं. दुसऱ्या महायुद्धात विलायतेहून बियाणं येणं अवघड झालं तेव्हा क्वेट्ट्याच्या थंड हवेत त्याचं उत्पादन सुरू झालं. १९४७ साली क्वेट्टा पाकिस्तानात गेलं. मग १९४९ साली कुलू खोऱ्यात कटराईंला केंद्र उभं राहिलं. फाळणीच्या इतिहासात कोबीच्या बियाचं नाव कुठे येत नाही, पण त्याचीही फाळणी झालीच.

आणि मग जालना. आज तो आमचा शेजारचा जिल्हा, पण १९८१ पर्यंत जालना आणि पैठण एकाच औरंगाबाद जिल्ह्यात होते. तिथे बद्रीनारायण बारवाले यांनी दिल्लीच्या संशोधन संस्थेची ‘पुसा सावनी’ भेंडी आणून तिचं बियाणं केलं आणि १९६४ साली महिको सुरू केली. भेंडी हिवाळी भाजी नव्हे, पण बियाणं विकत घ्यायची सवय मराठवाड्याच्या घराघरांत रुजली त्यात जालन्याचा वाटा मोठा. बारवाले यांना १९९८ साली जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. केवड्याने पिवळ्या पडणाऱ्या भेंडीने हैराण झालेल्या शेतकऱ्याला त्या बियाण्याचं मोल विचारा, पाकिटाला नावं ठेवायची हिंमत होणार नाही. मलाही ठेवायची नाहीत.

पण पाकीट येताना एक गोष्ट हळूच बाहेर गेली. संकरित वाणाचं बी घरी राखलं तर पुढच्या वर्षी ते आईबापासारखं निघत नाही, म्हणून राखायचं कारण उरलं नाही. आणि ही सवय आपण मेथी-धन्यालाही लावून घेतली, ज्यांना तिची गरजच नव्हती! राखणं थांबलं तसं निवडणंही थांबलं. कोणतं रोप ठेवायचं हे ओळखणारी नजर पाकिटात मिळत नाही. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, अदलाबदल करायचा हक्क दिलाय. पण हक्क कागदावर असून काय उपयोग, हात विसरले तर?

सगळेच विसरले नाहीत, हे बरं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याचे कितीतरी गावठी वाण घरच्या बियाणे बँकेत जपले आणि त्यांना २०२० सालचा पद्मश्री मिळाला. अकोल्याहून वाहणारी प्रवरा पुढे गोदावरीला मिळते आणि तिचं पाणी आमच्या नाथसागरात येतं. पाणी येतं तर थोडी अक्कलही यावी!

तेव्हा मंडळी, या हिवाळ्यात कोबी, नवलकोल खुशाल पाकिटातले लावा. त्यांचं बी आपल्या हातात नाही. पण मेथीचा एक कोपरा, कोथिंबिरीची एक ओळ, वाटाण्याचे चार वेल खुडू नका. मेथी-वाटाण्याची फुलं आपली आपण फळतात, बी बहुतेक सरळ निघतं. मुळा राखणार असाल तर शेजाऱ्यालाही विचारून घ्या, कारण मधमाशा कुंपण मानत नाहीत आणि दोन जातींची सरमिसळ होते. कांद्याचं बी मात्र वर्षाच्या वर ठेवू नका, ते लवकर मरतं.

नाथषष्ठीपर्यंत डिंगऱ्या वाळायला लागतील. जास्तीचं बी निघालं तर पुडीत बांधून चार घरी द्या. एका घरातलं बी उंदरांनी खाल्लं तर दुसऱ्या घरी सापडतं, एवढीच आपल्या आज्यांची बियाणे बँक होती.