नख्यांपासून दोरीपर्यंत : इंग्लंडमधील शिकारी आणि मोकळी कुत्री

इंग्लंडमध्ये शिकारीचा हक्क असणारे आणि मोकळी कुत्री पाळणारे यांच्यातील वाद आठशे वर्षांहून अधिक काळ कायद्याच्या कागदपत्रांत दिसतो. गावातले कुत्रे घराची आणि गुरांची राखण करी, दिवसभर सुटे हिंडे आणि वास लागला की हरणाच्या किंवा सशाच्या मागे धावे. धन्याच्या लेखी ते राखणदार होते, तर शिकारीचा हक्क सांगणाऱ्याच्या लेखी चोर. हा वाद मिटवताना कायद्याने आधी कुत्र्याच्या पायाला हात घातला, मग मालकाची ऐपत मोजली आणि शेवटी कोणती जमीन, कोणता काळ आणि कितपत गरज, हे प्रश्न विचारले.

राजवने आणि लॉइंग

१०६६ मध्ये नॉर्मन सत्ता आल्यावर पहिल्या विल्यमने वनकायदा लागू केला. या कायद्यातील ‘फॉरेस्ट’ म्हणजे केवळ दाट झाडी नव्हे. राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या त्या मुलखात माळरान, शेते आणि नांदती गावेही येत. हरणे आणि रानडुकरे राजाची. त्यांना चारा आणि आसरा देणारी झाडेझुडपेही संरक्षित. दुसऱ्या हेन्रीच्या काळात असा मुलूख सर्वाधिक पसरला होता. तिथे राहणाऱ्या कुणब्याला पीक खाणारे हरीण मारता येत नसे. घराच्या राखणीसाठी मोठे कुत्रे मात्र त्याला हवेच असे.

यावर निघालेला तोडगा म्हणजे ‘लॉइंग’. कुत्र्याला कायद्यात बसवणे, असा त्या शब्दाचा अर्थ. कुत्र्याच्या पुढच्या पायाच्या तीन नख्या तोडल्या की ते भुंकू शके, घर राखू शके. पण धावत्या हरणाला गाठू शकत नसे. ११८४ च्या वुडस्टॉक येथील फर्मानात राजाच्या प्राण्यांना अभय असलेल्या सर्व ठिकाणी मॅस्टिफ जातीच्या कुत्र्यांचे लॉइंग करण्याचा हुकूम आहे. १५९८ मध्ये जॉन मॅनवुडने वनकायद्यावरील ग्रंथात त्याची रीत नोंदवली. आठ इंच जाड आणि एक फूट चौरस ठोकळ्यावर कुत्र्याचा पाय ठेवायचा, दोन इंच रुंद छिन्नी लावायची आणि लाकडी हातोड्याच्या एका घावात तिन्ही नख्या उडवायच्या. छोट्या कुत्र्यांना यातून सूट होती.

या कारवाईत प्राण्याच्या छळाइतकीच पैशाची पिळवणूक होती. लॉइंग न केलेले कुत्रे सापडले की वनाधिकारी मालकाकडून दंड घेत, प्रसंगी बैल ओढून नेत. जॉन राजाच्या कारकिर्दीत सरदारांनी केलेल्या तक्रारींत वनकायद्याचा जाच हा मोठा मुद्दा होता. पुढे ६ नोव्हेंबर १२१७ रोजी, तिसरा हेन्री अल्पवयीन असताना, वनसनद जारी झाली. तिच्या सहाव्या कलमात कुत्र्यांचाच विषय आहे. तपासणी दर तीन वर्षांनी आणि विश्वासू माणसांच्या साक्षीनेच करावी, लॉइंग नसल्यास तीन शिलिंग दंड घ्यावा, बैल नेऊ नये, तीन नख्या तोडाव्यात पण पंजाखालची गादी कापू नये, असे त्यात ठरले. दुसऱ्या हेन्रीच्या राज्यारोहणाच्या वेळी जिथे ही रीत होती तिथेच ती चालवावी, अशीही मर्यादा घातली गेली. त्याच सनदेने राजाचे हरीण मारल्याबद्दल जीव घेण्याची किंवा अवयव तोडण्याची शिक्षा रद्द केली. माणसाचे हात-पाय वाचले. कुत्र्याच्या नख्यांवरची टांच कायम राहिली, फक्त तिला नियम लागले. काही ठिकाणी ठरावीक रक्कम भरून लॉइंगमधून सुटका मिळवता येत असे.

मालकाची ऐपत

चौदाव्या शतकाच्या अखेरीस कायद्याची नजर कुत्र्यावरून मालकाकडे वळली. १३८१ च्या शेतकरी उठावाची धास्ती ताजी असताना, १३९० मध्ये संसदेने शिकारी कुत्री पाळण्यावर मिळकतीची अट घातली. वर्षाला चाळीस शिलिंगांपेक्षा कमी उत्पन्नाची जमीन असलेल्या सामान्य माणसाला आणि दहा पौंडांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या धर्मगुरूला ग्रेहाउंड किंवा दुसरे शिकारी कुत्रे पाळण्याची बंदी झाली. शिक्षा होती एक वर्षाचा तुरुंगवास. कारागीर आणि मजूर सणाच्या दिवशी, लोक चर्चमध्ये असताना, कुत्री घेऊन शिकारीला जातात आणि त्या निमित्ताने एकत्र जमून कट रचतात, असे कारण कायद्यातच दिले होते.

१६७१ च्या शिकार कायद्याने ही अट फार वर नेली. वर्षाला शंभर पौंडांची मालकी जमीन, किंवा दीडशे पौंड उत्पन्नाचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा, अथवा वरच्या दर्जाच्या घराण्यातील जन्म असल्याशिवाय शिकार करता येईना. परगण्याचा संसद-सदस्य निवडण्यासाठी चाळीस शिलिंगांची जमीन पुरे होती. तित्तर मारायला त्याच्या पन्नासपट लागे, ही विसंगती अठराव्या शतकात कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोनने दाखवून दिली. याच कायद्याने जमीनदारांना गेमकीपर म्हणजे शिकारीचे राखणदार नेमण्याचा अधिकार दिला. हक्क नसलेल्यांच्या घरांची झडती घेऊन ते बंदुका, जाळी, ग्रेहाउंड आणि लर्चर जप्त करू शकत. लर्चर हे ग्रेहाउंडच्या संकरातून आलेले, चपळ आणि गुपचूप शिकार करणारे कुत्रे. चोरट्या शिकाऱ्याचा साथीदार म्हणून ते बदनाम होते. खटला चाले तो स्थानिक मॅजिस्ट्रेटपुढे, आणि हे मॅजिस्ट्रेट बहुधा जमीनदार वर्गातलेच असत.

सापळे, भाले आणि न्यायालये

ज्यांची कुत्री बेकायदा ठरवता येत नव्हती, त्यांच्याशीही वाद होतेच. शेजारचा सधन शेतकरी किंवा वाटसरू आपले कुत्रे मोकळे सोडी आणि ते राखीव झाडीत शिरे. सशांसाठी राखलेल्या रानात येऊन ससे मारणाऱ्या मॅस्टिफला तिथल्या राखणदाराने ठार केले, ते योग्यच, असा निकाल १६०४ मध्ये लागला होता. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यायालये अधिक बारकाईने पाहू लागली. १८०८ मध्ये वासाचे मांस लावून वाटेजवळ मांडलेल्या सापळ्यांबद्दल जमीनमालकाला जबाबदार धरले गेले, कारण त्याने कुत्र्यांना आमिष दाखवून ओढले होते. पुढच्याच वर्षी लॉर्ड कॉडरच्या गेमकीपरने सशामागे धावणारे कुत्रे गोळी घालून मारल्याचा खटला उभा राहिला. कुत्रे पाठलाग करत होते एवढे सांगून भागणार नाही, सशाला वाचवायला गोळीच आवश्यक होती हे दाखवले पाहिजे, असे न्यायालयाने म्हटले.

‘डॉग स्पिअर’चा प्रश्न याहून अवघड होता. झाडांना सशाच्या डोक्यावरून जाईल पण कुत्र्याच्या छातीत घुसेल अशा उंचीवर लोखंडी टोके बसवली जात. १८१७ मध्ये अशा टोकावर आपटून मेलेल्या कुत्र्याच्या खटल्यात चार न्यायाधीशांची मते दोन-दोन अशी विभागली. माणसांवर आपोआप सुटणाऱ्या बंदुका लावण्यास १८२७ मध्ये मनाई झाली. कुत्र्यांसाठीचे भाले तसेच राहिले. १८४१ मध्ये पायवाटेने जाणाऱ्या माणसाचे कुत्रे सशामागे झाडीत शिरून अशाच भाल्यावर मेले. मालकाला भाल्यांची सूचना मिळालेली होती, आणि आपल्या जमिनीवर ते लावणे बेकायदा नाही, असा निर्णय झाला.

परवाना आणि दोरी

१८३१ च्या शिकार कायद्याने मिळकतीची अट काढली आणि परवान्याची पद्धत आणली. जमीनदाराचा हक्क संपला नाही. परवाना नसलेल्यांची कुत्री गेमकीपरला जप्त करता येतच होती. पण कुत्रे पाळणाऱ्याचा दर्जा हा प्रश्न मागे पडला.

१९७१ हे वर्ष या इतिहासात दोनदा येते. त्या वर्षी एका कायद्याने राजवनांचे जुने अधिकार मोडीत काढले आणि वनसनदेचा उरलासुरला भागही रद्द केला. त्याच वर्षीच्या प्राणी कायद्याने कुत्रे मारण्याच्या अटी स्पष्ट केल्या. पाळीव जनावरांना वाचवण्यासाठी दुसरा उपाय नसेल तरच कुत्र्याला मारता येते आणि ४८ तासांत पोलिसांना कळवावे लागते. फेझंट, तित्तर आणि ग्राउस हे पक्षी यात येतात, पण ते बंदिस्त असतील तोवरच. मोकळ्या रानातील पक्ष्यामागे धावणाऱ्या कुत्र्यावर गोळी झाडण्यास हे कलम संरक्षण देत नाही.

२००० च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समधील माळ-डोंगर पायी फिरणाऱ्यांना खुले केले. या जमिनीवर १ मार्च ते ३१ जुलै, म्हणजे जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांच्या विणीच्या काळात, कुत्रे आखूड दोरीने धरावे लागते. पाळीव जनावरांजवळ तर वर्षभर. ग्राउसच्या शिकारीसाठी राखलेल्या माळावर मालक पाच वर्षांपर्यंत कुत्र्यांना पूर्ण बंदी घालू शकतो. अंध व्यक्तींच्या प्रशिक्षित कुत्र्यांना ती लागू होत नाही.