गप्प बसणारे म्हणजे शून्य नव्हे: धुळ्याच्या तुरुंगातले अठरा रविवार

पेटच्या तयारीसाठी आम्ही गेल्या वर्षी एक व्हॉट्सॲप ग्रुप काढला. जळगाव-धुळ्याकडची साठेक मुलं-मुली होती. त्यात बोलणारे मोजून सात-आठ, बाकी सगळे नुसते वाचणारे. शेवटी आम्ही ॲडमिन मंडळींनी मेसेज टाकला की महिनाभरात जे काहीच लिहिणार नाहीत त्यांना काढून टाकू. त्याच संध्याकाळी साक्रीकडच्या एका मुलीचा फोन आला. "दादा, मी बोलत नही, पन समदं वाचस."

तिनं ग्रुपवर सुटलेली प्रत्येक शंका वहीत उतरवून ठेवली होती. परीक्षेच्या आठवड्यात त्याच वहीचे फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरले. आमच्या हिशेबात मात्र तिचा सहभाग होता शून्य!

मग प्रश्न पडला, लहान गटातला सहभाग मोजायचा कसा? तुम्ही संशोधनाकडे वळताय, म्हणून हा प्रश्न तुमचाही आहे. मी रसायनशास्त्राचा माणूस, पण उत्तर शोधत खानदेशच्या इतिहासात जाऊन पोचलो.

आधी अमळनेर. साने गुरुजी १९२४ मध्ये इथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहही सांभाळू लागले. मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. १९२८ मध्ये त्यांनी 'विद्यार्थी' मासिकही सुरू केलं. आता या दैनिकाकडे आमच्या ॲडमिनच्या नजरेनं बघा. लिहिणारा मुख्यतः एक, वाचणारी पोरं अनेक. म्हणजे हा गट 'निष्क्रिय' म्हणायचा का? लिहिणाऱ्याला रोज लिहावंसं वाटत होतं, कारण रोज वाचणारं कुणीतरी होतं.

१९३० मध्ये गुरुजींनी नोकरी सोडली आणि ते स्वातंत्र्यलढ्यात उतरले. १९३२ मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते आणि विनोबाही तिथेच होते. तिथे विनोबांनी राजबंद्यांसमोर गीतेवर प्रवचनं दिली. दर रविवारी एक अध्याय, २१ फेब्रुवारी ते १९ जून. (इतिहासातली तारीखही तपासून घ्यायची सवय लावा. १९३२ हे लीप वर्ष. या दोन्ही तारखांना रविवारच येतो आणि दोन्ही धरून बरोबर अठरा रविवार भरतात. गीतेचे अध्यायही अठराच.)

या खेपेला गुरुजींची जागा बदलली होती. अमळनेरला ते लिहिणारे होते, धुळ्यात ते ऐकणाऱ्यांत बसले होते. बोलणारे एकटे विनोबा. त्या बराकीत 'कोण किती वेळा बोललं' असा तक्ता केला असता, तर गुरुजींच्या नावापुढे फारसं काही आलं नसतं. पण ते ऐकता ऐकता लिहून घेत होते. आज आपण 'गीता प्रवचने' हे पुस्तक वाचतो आणि त्याचे कितीतरी भाषांत अनुवाद झाले, ते गुरुजींच्या त्या टिपणांमुळे. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, त्यांनी नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिलं. त्याची मांडणी आठवा: श्याम रोज रात्री सांगतो आणि आश्रमातले सोबती ऐकतात.

जळगावचं दुसरं उदाहरण तर आपल्या विद्यापीठाच्या नावातच आहे. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातल्या ऐकणाऱ्यांनी त्यांची गाणी कागदावर उतरवली, म्हणून त्यांच्या निधनानंतर १९५२ मध्ये ती पुस्तकरूपात आली.

आता थोडं शास्त्र. जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ च्या पुस्तकात शिकण्याची सुरुवात कडेवरून होते असं मांडलं. त्यांच्या उदाहरणांत लायबेरियातले शिंपी आहेत. तिथला नवशिका आधी काजं-बटणं करतो, कापड कापणं खूप नंतर येतं. कडेला बसणं हा तिथे शिकण्याचाच भाग असतो. पुढे २००० मध्ये ब्लेअर नॉनेके आणि जेनी प्रीस यांनी ऑनलाइन गटांतले गप्प सभासद मोजले. आजारपणात आधार देणाऱ्या गटांत ते सुमारे ४६ टक्के निघाले, तर सॉफ्टवेअरच्या गटांत ८२ टक्के. म्हणजे गप्प बसणं हा नुसता माणसाचा स्वभाव नाही, गट कशासाठी जमलाय यावरही ते ठरतं. २००४ च्या अभ्यासात अशा सभासदांनाच कारण विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांनी सांगितलं की नुसतं वाचून आमचं काम भागतं.

आमच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यात एखादा घटक सापडला नाही, तर रिपोर्टमध्ये शून्य लिहीत नाहीत, 'बीडीएल' लिहितात. अर्थ असा की हा घटक या यंत्राच्या मोजण्याच्या मर्यादेखाली आहे. मर्यादा यंत्राची आहे, पाण्याची नाही. मेसेज मोजणं हेही एक यंत्रच. त्याला फक्त बोलणं ऐकू येतं.

पण इथे एक सावधगिरी घ्या. प्रत्येक गप्प माणूस साने गुरुजी नसतो. कुणाला रस नसतो, कुणाला भीती वाटते, आपल्या बोलीला हसतील म्हणूनही कुणी थांबतं. गुरुजींचं ऐकणं आपल्याला कळलं, कारण त्यांनी ते लिहून ठेवलं. शेजारी बसलेल्या बाकीच्या राजबंद्यांनी तुरुंगाबाहेर जाऊन त्या अठरा रविवारांचं काय केलं, हे त्या पुस्तकावरून मोजता येत नाही. म्हणून त्यांना शून्यही धरू नका आणि थोरही ठरवू नका. त्यांच्यापुढे 'बीडीएल' लिहा आणि दुसरं साधन शोधा: वही, पत्रं, आठवणी, नाहीतर सरळ जाऊन विचारणं.

सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा पद्धतीच्या प्रकरणात एक वाक्य नक्की घाला: माझ्या साधनाला कोण ऐकू येणार नाही? आरआरसीसमोर हा प्रश्न कुणी विचारेलच असं नाही. तुम्ही मात्र स्वतःला विचारून ठेवा.

आणि हो, ग्रुपमधून आम्ही कुणालाच काढलं नाही. साक्रीच्या त्या ताईनं अजून एकही मेसेज टाकलेला नाही.