शिरोडकरांचा टाका: मुंबईतून जगात गेलेली शस्त्रक्रिया आणि तिची सत्तर वर्षांची परीक्षा

पोस्ट लांब आहे. ज्यांच्या घरात, नात्यात किंवा शेजारी कुणाचं चौथ्या-पाचव्या महिन्यात ‘पडलं’ आहे, त्यांनी तरी पुरी वाचावी.

‘पिशवीच्या तोंडाला टाका घातलाय’ हे वाक्य आता तालुक्याच्या गावातही नवं राहिलेलं नाही. कुठल्याही प्रसूतिगृहाच्या बाकड्यावर अर्धा तास बसा, कानावर येईल. हा टाका निघाला कुठून, असं मी गेल्या आठवड्यात ओळखीच्या चार-पाच जणांना विचारलं. अमेरिका, जर्मनी, एकानं तर जपान सांगितलं. खरं उत्तर आहे मुंबई, आणि माणूस आपल्या शेजारच्या गोव्याचा. डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जगभरच्या प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांत हे आडनाव शस्त्रक्रियेचं नाव म्हणून छापलं जातं. परदेशातले डॉक्टर ते कसंही उच्चारोत, शिकतात हेच.

शिरोडकर 27 एप्रिल 1899 रोजी गोव्यातल्या शिरोड्यात जन्मले. (वेंगुर्ल्याजवळचं, मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं वेगळं. हे फोंडा तालुक्यातलं, कामाक्षीच्या देवळाचं.) तेव्हा तिथं पोर्तुगिजांचं राज्य होतं. शिक्षण मुंबईत, ग्रँट मेडिकल कॉलेजात. पुढं इंग्लंडला जाऊन 1931 साली एफआरसीएस झाले, परत आले, जे. जे. रुग्णालयात रुजू झाले आणि 1940 साली ग्रँट मेडिकललाच प्राध्यापक झाले.

आता त्यांच्यासमोर येणाऱ्या बाईचा विचार करा. दिवस जातात, तीन महिने नीट जातात, ओकाऱ्या थांबतात, घरात सगळे निर्धास्त होतात. आणि चौथ्या-पाचव्या महिन्यात फारशी कळ न येता, फारसं रक्त न जाता, गर्भ बाहेर येतो. पुढच्या खेपेला तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच. आपल्याकडे यावरची उत्तरं ठरलेली होती. साती आसरांचा कोप, कुणाची तरी नजर, नाहीतर बाईचाच पायगुण. काही घरांत नवऱ्याचं दुसरं लग्न. डॉक्टरांकडेही फार वेगळं काही नव्हतं: झोपून राहा आणि हार्मोन घ्या.

त्या हार्मोनची गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण ती टाक्याच्या गोष्टीला शेवटपर्यंत चिकटलेली आहे. डायएथिलस्टिलबेस्ट्रॉल, म्हणजे डीईएस. हे प्रयोगशाळेत बनवलेलं इस्ट्रोजेन गर्भ टिकावा म्हणून 1940च्या दशकापासून अमेरिकेत सर्रास दिलं जाई. 1953 साली शिकागो विद्यापीठातल्या डॉक्टरांनी सुमारे 1,600 गर्भवतींवर त्याची नीट चाचणी घेतली. काहींना खरं औषध, काहींना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. निष्कर्ष साफ होता: औषधाचा उपयोग नाही. तरीही ते पुढं जवळजवळ अठरा वर्षं दिलं गेलं. 1971 साली बोस्टनच्या डॉक्टरांनी तरुण मुलींमध्ये योनीमार्गाचा एक अतिदुर्मीळ कॅन्सर दिसल्याचं प्रसिद्ध केलं. त्या आठ जणी होत्या, आणि त्यांतल्या सात जणींच्या आयांनी गरोदरपणी डीईएस घेतलेलं होतं. मग कुठं अमेरिकी सरकार जागं झालं.

शिरोडकरांनी या बायकांकडे वेगळ्या नजरेनं पाहिलं. काही जणींचा गर्भ चौथ्या ते सातव्या महिन्यात पुन्हा पुन्हा पडतो, कितीही विश्रांती द्या, कितीही हार्मोन द्या, फरक पडत नाही, असं त्यांनी नोंदवलं. मग दोष रक्तात किंवा हार्मोनमध्ये नसेल, गर्भाशयाच्या तोंडातच असेल. ते सैल असेल तर वाढत्या गर्भाचं वजन पेलणार कसं? ही कल्पना त्यांनी शून्यातून काढली असं मात्र नाही. 1658 सालच्या एका इंग्रजी वैद्यकग्रंथात गर्भाशयाचं तोंड सैल असल्यामुळं गर्भ न टिकण्याचा उल्लेख आहे. 1950 साली शिकागोच्या लॅश बंधूंनी ते दुरुस्त करायची शस्त्रक्रियाही केली होती. पण ती दिवस राहण्याआधी करायची, तोंडाचा थोडा भाग कापून शिवायचा. त्यात काही बायकांना पुढं दिवसच राहिले नाहीत.

शिरोडकरांचं धाडस असं की त्यांनी गर्भ पोटात असतानाच शस्त्रक्रिया करायची ठरवली. योनीमार्गातून जायचं, समोरची त्वचा उघडून मूत्राशय वर सरकवायचं, गर्भाशयमुखाच्या अगदी वरच्या टोकाला, आतल्या दाराजवळ पोचायचं. तिथं भोवतीनं पट्टी फिरवायची, गाठ मारायची आणि वरून त्वचा शिवून टाकायची. पट्टी कसली, तर सुरुवातीला त्याच बाईच्या मांडीतून काढलेल्या चिवट आवरणाची. कृत्रिम धाग्याच्या पट्ट्या नंतर आल्या. हे सगळं त्यांनी 1955 साली ‘अँटिसेप्टिक’ या मद्रासहून निघणाऱ्या वैद्यकीय मासिकात लिहिलं. लंडन-न्यूयॉर्कच्या नाही, मद्रासच्या. तरी जगानं ते शोधून वाचलं. 1960 साली एडिनबरोच्या प्रकाशकानं त्यांचं पुस्तक काढलं, त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं. 1971 साली पद्मविभूषण, आणि त्याच वर्षी मार्चमध्ये ते गेले. डीईएसचं बिंग फुटलं तेही त्याच वर्षी.

यातली सगळ्यात क्रूर बाब पुढं कळली. आईच्या पोटात असताना डीईएस मिळालेल्या मुली मोठ्या झाल्या, त्यांना दिवस राहिले, तेव्हा त्यांच्यातल्या बऱ्याच जणींचं गर्भाशयमुखच कमजोर निघालं. आयांना गर्भ टिकायला म्हणून दिलेल्या औषधानं मुलींचा गर्भ टिकेना, आणि त्यातल्या काहींना टाका घालायची वेळ आली.

मधे 1957 साली ऑस्ट्रेलियातल्या इयान मॅक्डोनाल्ड यांनी सोपी पद्धत काढली. त्वचा उघडायची नाही, मूत्राशय सरकवायचं नाही. बाहेरून दिसणाऱ्या तोंडाभोवती चार-पाच ठिकाणी सुई घालून बटव्याची नाडी ओढावी तसा धागा आवळायचा. वेळ कमी, रक्त कमी, नवव्या महिन्यात काढायलाही सोपा. शिरोडकर पद्धतीचा टाका आत गाडलेला असतो, तो काढायला जास्त खटपट लागते. त्यामुळं पुढं मॅक्डोनाल्डचाच टाका जास्त चालला. आपल्याकडे ‘टाका घातला’ म्हणतात तो बहुतेक वेळा हाच.

इथवर गोष्ट अभिमानाची आहे आणि आपण सहसा इथंच थांबतो. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो.

टाका घातला आणि बाळ पूर्ण दिवसांचं झालं, म्हणजे ते टाक्यामुळं झालं का? आधी दोन वेळा पडलेल्या बाईचं तिसऱ्या खेपेला काहीही न करता नीट होऊ शकतं, आणि तसं बऱ्याच जणींचं होतं. शिरोडकरांकडे तेव्हा सोनोग्राफी नव्हती. बोटांची तपासणी आणि बाईनं सांगितलेली हकिगत एवढ्यावर निर्णय. म्हणजे टाका कुणाला खरोखर हवा होता आणि कुणाला नव्हता, हे सांगायची सोयच नव्हती. आणि जगभरचे डॉक्टर मात्र टाके घालत सुटले. टाका घातलेल्या आणि न घातलेल्या बायकांची चिठ्ठ्या टाकून वाटणी करणाऱ्या फ्रान्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या 1984 साली, 29 वर्षांनी. दोन्हींत फायदा दिसला नाही.

मग ब्रिटनच्या पुढाकारानं 12 देशांत मोठी चाचणी झाली, 1993 साली निकाल आला. 1,292 गर्भवती, ज्यांना टाका घालावा की नाही याबद्दल त्यांचे डॉक्टरच साशंक होते अशा. 33 आठवड्यांच्या आत बाळंत झालेल्या टाका गटात 13 टक्के, बिनटाक्याच्या गटात 17 टक्के. म्हणजे 25 जणींना टाका घालावा तेव्हा एकीची लवकरची प्रसूती टळते. उरलेल्या 24 जणींना भूल, सुई आणि बाळंतपणानंतर ताप यायचा दुप्पट धोका. पण याच चाचणीत आणखी एक आकडा होता. ज्यांचं आधी तीन किंवा जास्त वेळा असं झालं होतं, त्यांच्यात 32 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर घसरण. शिरोडकरांनी ज्या बायका डोळ्यांसमोर ठेवून हे सुरू केलं, त्यांच्या बाबतीत म्हातारा बरोबर होता. टाका चुकीचा नव्हता, तो भलत्यांना घातला जात होता.

सोनोग्राफीनं नवी आशा आणि नवा घोळ दोन्ही आणलं. आतून सोनोग्राफी करून गर्भाशयमुखाची लांबी मिलिमीटरमध्ये मोजता येऊ लागली. लांबी कमी तितका लवकर प्रसूतीचा धोका जास्त, हे 1996 साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात पक्कं झालं. मग कमी लांबी दिसली की टाका, असं सोपं गणित मांडलं गेलं. लंडनच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं झालेल्या चाचणीत 47,123 बायकांची लांबी मोजली, 15 मिलिमीटर किंवा कमी असलेल्या 470 निघाल्या, त्यांतल्या 253 जणींनी चाचणीत भाग घेतला. टाका शिरोडकर पद्धतीचाच. 2004 साली निकाल: 33 आठवड्यांच्या आत प्रसूती 22 टक्के विरुद्ध 26 टक्के. योगायोगानंही पडू शकेल इतकाच फरक. म्हणजे पूर्वी काही झालेलं नसताना निव्वळ सोनोग्राफीच्या आकड्यावर टाका घालण्यात फार हशील नाही. आधी मुदतपूर्व प्रसूती झालेली आणि आता लांबीही कमी, अशा बाईचं गणित वेगळं. तिथं पुढच्या अभ्यासांनी टाक्याच्या बाजूनं कौल दिला.

जुळ्यांबद्दल थोडक्यात. जुळी आहेत आणि लांबी कमी आहे, एवढ्यावरून घातलेल्या टाक्याचा फायदा दिसला नाही. 2005 साली एकत्र केलेल्या आकडेवारीत उलट तोटाच दिसला. मात्र तोंड प्रत्यक्ष उघडलेलंच असेल तर चित्र पालटतं. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत टाका न घातलेल्या गटातली इतकी बाळं दगावली की ती मधेच थांबवावी लागली. आपल्या भागात जुळ्यांना ‘खबरदारी म्हणून’ टाका घातल्याचं माझ्या कानावर बऱ्याचदा येतं. खबरदारी कसली, हे विचारायला हवं.

2020 सालचाच दुसरा ब्रिटिश अभ्यास मला शिरोडकरांच्या दृष्टीनं सगळ्यात रंजक वाटला. आधी टाका घालूनही ज्यांचं बाळ गेलं किंवा फार लवकर झालं, अशा 111 जणी. एका गटाला योनीमार्गातून खालचा टाका, दुसऱ्याला योनीमार्गातूनच पण वर, म्हणजे शिरोडकरांच्या विचाराचा, आणि तिसऱ्याला पोट उघडून सगळ्यात वर घातलेला. 32 आठवड्यांच्या आत प्रसूती अनुक्रमे 33, 38 आणि 8 टक्के. टाका जितका वर तितका बरा, हे शिरोडकरांचं म्हणणं होतं. पोटातून घातलेल्या टाक्यानं ते खरं ठरवलं, पण खालून कितीही वर गेलं तरी या बायकांना ते पुरलं नाही. (पोटातून टाका घातला की बाळंतपण सिझेरियननंच होतं, हे मात्र लक्षात ठेवा.)

आणि धागा. विणलेली पट्टी वापरावी की एकेरी गुळगुळीत धागा? विणलेल्यात जंतू अडकतात, म्हणून एकेरी चांगला, असं प्रयोगशाळेतल्या पुराव्यावरून वाटत होतं. आपल्यालाही पटण्यासारखं आहे. मग ब्रिटनमधल्या 75 रुग्णालयांत 2,048 जणींवर चाचणी झाली, 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. बाळ गमावण्याचं प्रमाण एकेरी धाग्यात 8 टक्के, विणलेल्यात 7.6. फरक नाही. पटण्यासारखं असणं आणि खरं असणं यात किती अंतर असतं, ते बघा.

हार्मोनचं पुढं काय झालं? डीईएस गेलं, पण ‘गर्भ टिकायची इंजेक्शनं’ राहिली. त्यातलंच प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं एक इंजेक्शन अमेरिकेत 2011 साली मान्य झालं, नंतरच्या मोठ्या चाचणीत नापास झालं आणि एप्रिल 2023 मध्ये मान्यता काढून घेतली गेली. योनीमार्गात ठेवायच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळीची गोष्ट वेगळी. कमी लांबीच्या काही बायकांत तिचा उपयोग होतो, आणि तिथं टाक्याला पर्याय म्हणून तिचा विचार होतो. आणि महिनोन्‌महिने खाटेवर झोपवून ठेवणं? त्यानं लवकरची प्रसूती टळते याला आधार सापडलेला नाही, उलट पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती. तरी आपल्याकडे सासू आणि डॉक्टर दोघांचं यावर अजून एकमत.

माझं म्हणणं टाका नको असं नाही. हवा तिथं तो बाळ वाचवतो. पण घालायला सांगितलं तर तीन गोष्टी विचारा. मागच्या बाळंतपणांमुळं सांगताय, सोनोग्राफीतल्या लांबीमुळं, की तपासणीत तोंड उघडलेलं दिसलं म्हणून? लांबी किती आली आणि ती आतून मोजली की पोटावरून? टाका काढणार कधी? (साधारण 36-37 आठवड्यांना काढतात. त्याआधी कळा सुरू झाल्या तर लगेच दवाखाना गाठायचा, टाका तसाच राहिला तर तोंड फाटतं.) आणि आधीच्या खेपेचे कागद जपून ठेवा. कितव्या आठवड्यात झालं, कळा आल्या होत्या का, क्युरेटिंग किती वेळा झालं, यावर इतकं अवलंबून असतं, आणि नेमके तेच कागद पुढच्या वेळी कुणाकडे नसतात.

गोव्यातल्या शिरोड्याकडचे कुणी हे वाचत असतील तर एक विनंती. डॉ. शिरोडकरांच्या घराबद्दल, कुटुंबाबद्दल किंवा गावात त्यांच्या नावानं काही आहे का, याबद्दल माहिती असेल तर कमेंटमध्ये कळवा. जुना फोटो असेल तर उत्तमच.