टेकडीच्या पोटातला स्तूप

१/ देगलूर परिसरातून वाहणाऱ्या लेंडी नदीचे पाणी मांजरेतून गोदावरीला मिळते. भंडारा जिल्ह्यातील पवनीजवळची वैनगंगाही पुढे प्राणहिता होऊन अखेर गोदावरीतच विलीन होते. याच विशाल खोऱ्यात, पवनीच्या जगन्नाथ टेकडीच्या पोटात, एक भव्य बौद्ध स्तूप शतकानुशतके मातीआड पडून होता.

२/ १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथे संयुक्त उत्खनन केले. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी हे त्याचे सूत्रधार. टेकडीचा गाभा म्हणजेच विटांचा स्तूप निघाला! त्याचा व्यास सुमारे ४० मीटर. सांचीच्या महास्तूपाचा साधारण ३६.६ मीटर.

३/ स्तूपाची मूळ कल्पना साधी आहे. खाली मेधी, म्हणजे गोल चौथरा. त्यावर अंड, म्हणजे भरीव अर्धगोल. माथ्यावर हर्मिका आणि छत्र. आत प्रवेश नाही. उपासकाने स्तूप उजव्या हाताला ठेवून प्रदक्षिणा घालायची. त्यामुळे सारी सजावट बाहेर, कठड्यावर आली.

४/ या दगडी कठड्याला वेदिका म्हणतात. उभ्या स्तंभांना खाचा, त्यांत अडकवलेल्या आडव्या सूची आणि वरून बसवलेला उष्णीष. ही जोडणी मुळात सुताराची. पाथरवटाने ती लाकडातून दगडात आणली.

५/ पवनीच्या वेदिकेवर कमळे आहेत, बोधिवृक्षाची पूजा आहे. बुद्धाची मानवी मूर्ती मात्र कुठेही नाही. त्या काळचे शिल्पकार बुद्धाचे अस्तित्व चिन्हांनी सुचवीत: वृक्ष, चक्र, रिकामे आसन.

६/ त्यांतील सर्वांत बोलके शिल्प मुचलिंद नागाचे. बोधिप्राप्तीनंतर सात दिवस पाऊस कोसळत राहिला आणि नागराजाने ध्यानस्थ बुद्धावर फणा धरला, अशी कथा आहे. पवनीच्या शिल्पात फणा उभारलेला आहे, खाली आसनही आहे. आसनावर कोणी नाही. नाव ब्राह्मी अक्षरांत कोरलेले असल्याने नागाची ओळख निश्चित पटते.

७/ हाच मुचलिंद गोदावरी खोऱ्यातच, तेलंगणातील धुळीकट्टा येथील स्तूपाच्या शिलापटावरही भेटतो. नागपूजा या भूमीत खोलवर रुजलेली होती. नव्या धर्माने लोकांच्या नागाला हाकलले नाही. त्याला बुद्धाचा रक्षक केले.

८/ आणि हे सारे उभे कोणी केले? वेदिकेवरील छोटे ब्राह्मी लेख त्याचे उत्तर देतात. त्यांत राजांच्या प्रशस्ती नाहीत. दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांची नावे आहेत. कोणी एक स्तंभ दिला, कोणी एक सूची. एका लेखात दानाचे फळ म्हणून सर्व जीवांचे सुख मागितले आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, दगडावर नाव कोरण्याची संधी मिळालेल्या माणसाने स्वतःसाठी काही मागितले नाही. गावाबाहेरची एखादी टेकडी पाहताना एवढे आठवावे.