उसन्या पुस्तकांची वाचक : रूथ वेस्टहायमर

जानेवारी १९३९ मध्ये फ्रँकफुर्टहून १० वर्षांच्या एका ज्यू मुलीला आगगाडीने स्वित्झर्लंडला धाडण्यात आले. तिचे आईवडील पुढे नाझींच्या संहारात बळी पडले. हायडन येथील आश्रमात मुलींना घरकामाचेच शिक्षण मिळे. म्हणून ती एका मुलाची पाठ्यपुस्तके उसनी घेऊन रात्री वाचीत असे. अमेरिकेत 'डॉक्टर रूथ' म्हणून घरोघरी ओळखल्या गेलेल्या रूथ वेस्टहायमर त्या याच.

पॅलेस्टाइन आणि पॅरिसमार्गे १९५६ साली त्या न्यूयॉर्कला आल्या. आरंभी मोलकरणीचे काम करीत त्यांनी शिक्षण चालू ठेवले आणि १९७० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. १९८० साली नभोवाणीवर, रविवारी मध्यरात्रीनंतर, त्यांचा १५ मिनिटांचा कार्यक्रम सुरू झाला. १९८४ पासून त्या दूरचित्रवाणीवर आल्या. लैंगिक प्रश्नांवर त्या निःसंकोच, शास्त्रीय शब्दांत बोलत. एड्सच्या त्या दशकात अज्ञान प्राणावर बेतणारे ठरत होते.

आम्हां मराठी वाचकांना येथे र. धों. कर्वे यांचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या अशाच प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला आणि १९३४ मध्ये डॉ. आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. कर्वे यांच्या वाट्याला दंड आला, रूथबाईंच्या वाट्याला कीर्ती.

१२ जुलै २०२४ रोजी, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्या निवर्तल्या. जे ज्ञान चोरून मिळवावे लागते ते उघडपणे वाटले पाहिजे, हाच त्यांच्या चरित्राचा अर्थ आम्हांस वाटतो.