पाऊस, गहू आणि योगायोग : एफ-चाचणीची जन्मकथा

१/ इंग्लंडमधील रॉथमस्टेड हे जुने शेती-संशोधन केंद्र. तेथील ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून पिढ्यान्‌पिढ्या गहूच पेरला गेला. प्रत्येक तुकड्याचे खत ठरलेले, उत्पन्न आणि पाऊस वहीत नोंदलेला. या वह्यांचा अर्थ लावण्यासाठी १९१९ मध्ये रोनाल्ड फिशर हा २९ वर्षांचा गणिती तेथे रुजू झाला.

२/ प्रश्न वरकरणी साधा होता : वर्षातील कोणता पाऊस गव्हाला तारतो आणि कोणता मारतो? वर्षाचे तुकडे पाडावेत आणि ज्याचा उत्पन्नाशी सर्वांत ठळक संबंध दिसेल तो उचलावा, अशी तोवरची रीत होती. पण पुष्कळ खडे भिरकावले की एखादा कैरीला लागतोच. त्यावरून नेमबाजी सिद्ध होत नाही.

३/ फिशरने वर्षाचे सहा-सहा दिवसांचे ६१ भाग केले. हाताशी हंगाम मात्र साठेकच. हे ६१ भाग स्वतंत्र चल मानले असते, तर समीकरण प्रत्येक हंगामाशी तंतोतंत जुळले असते. पावसाच्या जागी सोडतीचे आकडे घातले असते तरीही! म्हणून त्याने वर्षभराच्या पावसाची एक वक्ररेषा बसवली आणि ती अवघ्या सहा आकड्यांत मांडली.

४/ तरीही धोका टळत नाही. ६० हंगाम आणि ६ चल घेतले, तर पावसाचा काडीमात्र संबंध नसतानाही सरासरी ६/५९, म्हणजे सुमारे दहा टक्के चढउतार समीकरण आपल्या नावावर जमा करते. ही फुकटची कमाई वजा कशी करायची?

५/ येथे प्रचरण-विश्लेषण कामी आले. १९२३ मध्ये फिशर आणि मॅकेंझी यांनी बटाट्याच्या प्रयोगावर ते वापरले होतेच. उत्पन्नातील एकूण चढउताराचे दोन वाटे करायचे : समीकरणाने उलगडलेला आणि उरलेला. पहिल्याला ६ ने भागायचे, दुसऱ्याला ५३ ने (६० मधून ६ चल आणि १ सरासरी वजा), आणि मग दोहोंचे गुणोत्तर काढायचे. ते १ च्या आसपास रेंगाळले तर सारा योगायोग समजावा. फार वर गेले तर सर्व चल मिळून काही तरी खरे सांगत आहेत. नेमका कोणता चल, हे मात्र ही चाचणी सांगत नाही. पुढे अनेकांनी तिच्याकडून तेही वदवून घेतले, हा भाग वेगळा.

६/ फिशरचे कोष्टक या गुणोत्तराच्या नैसर्गिक लॉगरिदमच्या निम्म्याचे होते. शेतावर काम करणाऱ्यांना ते जड जाई. तशा तक्रारी आल्यावर कोलकात्यात प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३२ मध्ये थेट गुणोत्तराची कोष्टके छापली. त्यांचे चिन्ह होते ‘एक्स’. दोन वर्षांनी अमेरिकेत आयोवाच्या जॉर्ज स्नेडेकर यांनी तशीच कोष्टके काढली आणि फिशरच्या सन्मानार्थ गुणोत्तराला ‘एफ’ म्हटले. पाठ्यपुस्तकांत टिकले ते हेच अक्षर.